पहिल्या घासाचा मान

कोल्टर्स फोर्क, मिझुरी
९ एप्रिल २०२५

प्रिय ट्वायला,

अक्षर ओळखलंस का? चार वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही, त्यामुळे सही न बघता ओळखलं असशील तर भावाला बरं वाटेल. डॅडी ठीक आहेत. गुरं ठीक आहेत. कोणी गेलेलं नाही, तेव्हा जीव घाबरा करून घेऊ नकोस, बस आणि सावकाश वाच.

मला बीफ चालेनासं झालंय. हे वाक्य मी तीनदा लिहून खोडलं. चौथ्यांदा राहू दिलं, कारण कागद संपत आला.

गेल्या उन्हाळ्यात तळ्याकडचं कुंपण दुरुस्त करताना मांडीला गोचीड चिकटली होती, पाठीवर पांढरा ठिपका असतो ती. गोचिडी मला जन्मभर चावत आल्यात, त्याचं काही विशेष नाही. पण नंतर नंतर दुपारचं जेवण झालं की चार-पाच तासांनी अंगावर गांधी उठायला लागल्या, पोट मुरडायला लागलं. मी आधी साबणाला दोष दिला, मग विहिरीच्या पाण्याला. शेवटी गावातल्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. पोरगीच आहे ती, आपल्या जुन्या पिकअपपेक्षाही लहान असेल. तिनं रक्त तपासलं आणि सांगितलं, की त्या गोचिडीच्या चाव्यानं काही माणसांना गाय, डुक्कर, मेंढी यातलं काहीच चालेनासं होतं. कोंबडी चालते, मासे चालतात. हल्ली आठवड्याला असा एक तरी येतो म्हणाली. पूर्वी कडाक्याच्या थंडीत गोचिडी मरायच्या, आता तशी थंडीच पडत नाही. ती हे बोलत होती तेव्हा मला तुझी आठवण आली, हे कबूल करतो.

डॅडींना सांगितलेलं नाही. या तालुक्यात कुणालाच नाही. पाच पिढ्या गुरं पाळणाऱ्या घरातला माणूस बीफ खात नाही, हे कानावर गेलं तर लोक आधी हसतील आणि मग आपली गुरं घेताना दोनदा विचार करतील. आणि डॅडींना वाटेल, मी तुझ्या बाजूला गेलो.

म्हणून तुला लिहितोय. फोन स्वयंपाकघरातच आहे आणि डॅडींचे कान डोळ्यांपेक्षा शाबूत आहेत. मोबाइलला या दरीत रेंज नाही. त्रास काही फार नाही, थोडी खाज. फक्त एवढं सांग, तुम्ही मांस न खाणारी माणसं दिवसभर खाता तरी काय? आणि कुणाला बोलू नकोस. शपथ आहे.

तुझा भाऊ,
डॉयल


मिनिआपोलिस
२० एप्रिल

प्रिय डॉयल,

अक्षर पाकिटावरच ओळखलं. तुझा ‘ट’ अजून कुंपणाच्या खांबासारखा उभा असतो.

मी हसले नाही. बरं, थोडी हसले. आपल्या घरात मांस सोडणारी दुसरी व्यक्ती तू असशील, असं कुणी सांगितलं असतं तर मी त्याला घराबाहेर काढलं असतं.

काय खायचं ते वेगळ्या कागदावर लिहिलंय. राजमा, मसूर, अंडी, शेंगदाणे. मक्याची भाकरी तुला करता येतेच. मांसाच्या अर्काच्या सूपचे डबे वापरू नकोस, जिलेटिनपासून सांभाळून राहा. जिवावर बेतलं तर मांडीत टोचायचं ते इंजेक्शनचं पेन डॉक्टरीणबाईंनी दिलं असेलच. ते सतत जवळ ठेव, खिशात.

आणि डॅडींना सांग. मी सांगू शकत नाही, हे तुला माहीत आहे. पेपरातली ती मुलाखत छापून आली, कुणीतरी ती गुरांच्या लिलावघरातल्या फळ्यावर टाचणीनं लावली, आणि डॅडींनी ती सगळ्यांसमोर वाचली. ‘मी मिझुरीतल्या एल्डन हेन्सलींच्या गुरांमध्ये वाढले, आणि मीच तुम्हाला सांगते, बीफ सोडा.’ त्यांचं नाव घ्यायला नको होतं. तेव्हापासून मी त्यांना पत्रं लिहिते. ती ते उघडतात की नाही, ते मला ठाऊक नाही. तूही कधी सांगितलं नाहीस.

एक गोष्ट मात्र वाईटातून चांगली झाली. ताटातल्या सगळ्या पदार्थांत हवेला सर्वात जड बीफच पडतं, कोंबडीच्या कितीतरी पट. तू एरवी खायचास त्या हिशेबानं वर्षाअखेर तुझ्या नावावरचा मोठा भार उतरेल.

हे वाक्य लिहायला नको होतं. पण हवा तापू नये म्हणून काय सोडा, हे लोकांना सांगायचंच काम वीस वर्षं केलंय, हात आपोआप तिकडे वळतो. सांभाळ.

ट्वायला


कोल्टर्स फोर्क
११ मे

ट्वायला,

माझ्या अंगाची आग आग होते आणि तू मला हवेचा भार सांगतेस. तुझ्यात काडीचा फरक पडलेला नाही, हे पाहून एक प्रकारे बरंच वाटलं.

पत्रं डॅडी उघडत नाहीत. बी-बियाण्यांच्या यादीखाली खणात ठेवतात. फेकत मात्र नाहीत. विचारलंस म्हणून सांगितलं.

माझं कसं चाललंय ते ऐक. स्वयंपाक मी करतो, त्यामुळे निम्मी लढाई सोपी. डॅडींना भाजलेलं मांस वाढतो, स्वतःच्या ताटातही घेतो, आणि त्यांची नजर खिडकीकडे गेली की टेबलाखाली कुत्र्याला देतो. कुत्रा असा सुटलाय की त्याला पिकअपमध्ये उचलून ठेवावा लागतो. डॅडी म्हणाले, “कुत्रा जाडा आणि तू बारीक, या घरात नक्की जेवतं कोण?” मी म्हणालो, उन्हामुळे भूक मेलीय.

आता तुझ्या तक्त्याबद्दल. तुमच्या ऑफिसात घराघराचा तक्ता भरतात ना, कुणी काय सोडलं तर किती वाचेल, त्याचा? माझी ओळ भर. घर दोन माणसांचं, ऊब लाकडाच्या शेगडीवर, लाकूड आपल्याच रानातलं. पिकअप वर्षाला साडेपाच हजार मैल, गाव आणि चर्च. सुट्टी नाही. विमान नाही. नवे कपडे ख्रिसमसला, तेही मोजेच. मांस गेल्या वर्षापर्यंत रोज दोनदा. आणि माझ्याखाली तुझी ओळ भर. हातचं काही राखू नकोस. आणखी एक विचारतो: माझ्या चाळीस गाई कुणाच्या ओळीत मोजतेस, माझ्या की त्या खाणाऱ्यांच्या?

खरं कारण मात्र वेगळंच आहे. जूनमध्ये तालुक्यातल्या गुरंवाल्यांच्या संघाचं जेवण यंदा आपल्या घरावर आलंय. एकोणीस वर्षांनी. तुला आठवतं ना, ज्या घराचा गोऱ्हा त्या घरचा कर्ता आणि त्याचा मुलगा सगळ्यांसमोर उभे राहतात, पहिला घास त्यांचा. त्यांनी खाऊन ‘या’ म्हटल्याशिवाय अडीचशे माणसांतलं एकही ताट उचलत नाही. त्याच आठवड्यात डॅडींना नव्वद वर्षं पुरी होतात. गोऱ्हा त्यांनी स्वतः निवडलाय. डोळ्यांनी धड दिसत नाही म्हणून हातानं पाठ चाचपून निवडला.

डॉयल


मिनिआपोलिस
२ जून

प्रिय डॉयल,

उत्तराला उशीर झाला, कारण तक्ता भरायला मला तीन रविवार लागले. तुझी ओळ एका रविवारी झाली. उरलेले दोन माझ्या ओळीला लागले.

तुझ्या ओळीत ताटापेक्षा पिकअप जड आहे. ताट दुसरं. लाकडाची शेगडी जवळपास माफ. गाई खाणाऱ्यांच्या ओळीत जातात, तुझ्या नाही. हे सोयीस्कर आहे असं तू म्हणशील, आणि आहेच, पण कुठेतरी एकदाच मोजायचं असतं.

आता माझं. चौदा वर्षं मांस नाही. गाडी नाही, सायकल आणि बस. दोन खोल्यांचं घर, थंडीतही स्वेटर घालून बसते. इथपर्यंत माझी ओळ बघून कुणीही माझ्या पाया पडेल. मग विमान. गेल्या वर्षी नऊ वेळा गेले आणि आले. प्रत्येक वेळी कुठल्यातरी सभागृहात उभी राहून लोकांना सांगितलं की बीफ सोडा. ऑक्टोबरमधल्या लिस्बनच्या एका फेरीत मी जे जाळलं, ते सामान्य माणसानं वर्षभर बीफ सोडल्यावर वाचतं त्याहून जास्त आहे. माझी ओळ तुझ्याहून लांब आहे, डॉयल. तुझं रोजचं दोन वेळचं मांस धरूनसुद्धा.

याचा अर्थ बीफ निर्दोष आहे असा काढू नकोस. विमानात बसणारी माणसं थोडी आणि जेवणारी सगळी, म्हणून सगळ्यांच्या ताटाची बेरीज फार मोठी होते. मी लोकांना खोटं काही सांगितलं नाही. फक्त स्वतःची ओळ कधी भरली नाही. आमच्या ऑफिसात कुणीच भरत नाही.

ती पेपरातली मुलाखत मी विमानतळावर बसून दिली होती. सुटायच्या आधी वीस मिनिटं मोकळी होती. त्या बाईंनी विचारलं, माणसानं एकच गोष्ट सोडायची तर कोणती? माझ्या मांडीवर विमानाचं तिकीट होतं आणि मी म्हणाले, बीफ. कारण ते मला सोडून झालं होतं. त्या उत्तरापायी मी डॅडी गमावले.

मागच्या आठवड्यात मी ऑफिसातल्या साहेबांना सांगितलं की लोकांनी काय सोडावं त्या यादीत विमान वर घ्या, आणि यापुढे मी विमानात बसणार नाही. ते म्हणाले, “ट्वायला, लोक पहिली ओळसुद्धा वाचत नाहीत, तू क्रमाचं काय घेऊन बसलीस.” रागानंही म्हणाले नाहीत. आम्ही सगळे इतके थकलोय की भांडायलाही कुणी उरलं नाही. मी माझं वचन लिहून दिलं आणि सही केली.

आता माझं एक ऐक. त्या जेवणात घास घेऊ नकोस. मान डॅडींचा आहे, त्यांनी एकट्यानं घ्यावा. पोट बिघडलंय सांग, दात दुखतो सांग. माझं नाव पुढे कर, मी तुझं डोकं फिरवलं म्हण. त्यांना ते लगेच पटेल. पेन कुठे ठेवतोस ते कळव.

तुझी,
ट्वायला


कोल्टर्स फोर्क
१४ जून

ट्वायला,

तक्ता पाहिला. वाटलं होतं, मी जिंकलो तर फार मजा येईल. आली नाही. तुझं पत्र वाचून वाटलं, तू एक हाडापर्यंत दमलेली बाई आहेस आणि मी एक दमलेला माणूस आहे, आणि आपल्यापैकी कुणीही हवा गरम करायला मुद्दाम बसलं नव्हतं.

पेन पिकअपच्या पुढच्या खणात आहे. खिशात मावत नाही, वाकलो की बरगडीला टोचतं.

घास मी घेणार आहे. शनिवारी, एकवीस तारखेला, दुपारी. आधी अ‍ॅलर्जीची गोळी घेईन. दोन लहान घास. त्रास व्हायला चार-पाच तास लागतात, तोवर जेवण आटोपून माणसं घरी गेलेली असतील आणि मी कोठीत जाऊन पडेन. डॅडींना कळणारही नाही.

तू म्हणशील हा वेडेपणा आहे. असेल. पण मी रोज त्यांच्यासमोर जेवतो, तू जेवत नाहीस. आई गेली. डोळे गेले. गाडीचा परवाना काढून घेतला. तू गेलीस. आता त्यांच्याकडे ही गुरं आहेत आणि त्यांचं खाणारा एक मुलगा आहे. अडीचशे माणसांसमोर मी हात मागे घेतला, तर माझा बाप त्या मैदानात एकटा उभा राहील. मला ते बघवणार नाही. कारण गोचीड असो नाही तर तू असो, त्यांना ते एकच वाटेल.

आता लिहू नकोस. मला उत्तर द्यायला वेळ नाही, तीनशे खुर्च्या आणायच्यात.

डॉयल


मिनिआपोलिस
१७ जून

डॅडी,

हे पत्र उघडा. बाकीची नाही उघडलीत तरी चालेल.

डॉयलला बीफ चालत नाही. आवडनिवड नाही, माझं शिकवणं नाही, त्याला त्याचं विष होतं. गेल्या उन्हाळ्यात गोचीड चावली त्यानं हे झालं. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासून सांगितलंय. त्यानं मला शपथ घातली होती आणि ती मी मोडते आहे. शनिवारी तो तुमच्यासाठी घास घेणार आहे. त्याला घेऊ देऊ नका. तुम्हीच सगळ्यांसमोर म्हणा, पहिला घास यंदा मी एकटा घेईन, मी नव्वदीचा आहे. तुमचं म्हणणं कुणी मोडणार नाही.

आणि त्यानं तरीही खाल्लं, तर पिकअपच्या पुढच्या खणात एक पेन आहे. टोपण काढायचं, मांडीवर दाबून धरायचं, दहा आकडे मोजायचे. मग दवाखाना.

तुम्हाला माझा राग आहे तो असू द्या. तो मला चालेल.

ट्वायला


मिनिआपोलिस
२४ जून

डॉयल,

शनिवार संध्याकाळपासून घरचा फोन कुणी उचलेना, म्हणून दवाखान्यात लावला. तिथल्या नर्सबाईंनी मला एवढंच सांगितलं की तू श्वास आपला आपण घेतो आहेस. बाकी काही सांगायला त्या तयार नाहीत. मी तुझी बहीण आहे हे त्यांना कसं पटवून द्यायचं, ते मला सुचलं नाही.

मी काय केलं आणि काय केलं नाही, ते तुला कळायला हवं. तुझं पत्र आलं त्या दिवशी मी डॅडींना लिहिलं, तातडीच्या टपालानं. गुरुवारी घरी फोन केला. डॅडींनी उचलला. मी “डॅडी” म्हणाले आणि त्यांनी ठेवला. शुक्रवारी पुन्हा तेच. तालुक्यातल्या आणखी कुणाला फोन केला नाही, कारण तुझी तेवढी शपथ तरी ठेवावी असं वाटलं.

शुक्रवारी दुपारी माझ्यासमोर विमानाचं तिकीट होतं. संध्याकाळी सहाचं. रात्री स्प्रिंगफील्डला उतरून सकाळी मी त्या मैदानात उभी राहिले असते. मी ते घेतलं नाही. वचनाला तीन आठवडेच झाले होते. साहेबांना काय वाटेल, ऑफिसातली पोरं काय म्हणतील, हे माझ्या मनात आलं. त्याहून मोठं म्हणजे मला वाटलं, आता मोडलं तर मी पुन्हा तीच, वीस मिनिटांत सोयीचं उत्तर देणारी. मी स्वतःला सांगितलं, पत्र पोचेल, डॅडी वाचतील. नऊ फेऱ्या मी अनोळखी माणसांसाठी केल्या, डॉयल, आणि एक तुझ्यासाठी केली नाही.

मला माफ करू नकोस, फक्त बरा हो. बसनं निघते म्हटलं तर तू ये म्हणशील की नाही ते मला माहीत नाही, म्हणून विचारते आहे.

ट्वायला


कोल्टर्स फोर्क
१ जुलै

ट्वायला पोरी,

डोळे गेलेत म्हणून अक्षर मोठं काढतो आहे. पेंडवाल्यानं दिलेल्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या बाजूला लिहितोय, चार महिने खर्ची पडलेत.

डॉयल काल घरी आला. भिंत धरून चालतो. बोलतो कमी. तू त्याला लिहिलेलं पत्र त्याच्या उशाशी होतं. मी विचारलं, वाचू का? तो म्हणाला, “वाचा, आता काय राहिलंय.”

झालं ते सांगतो, तो सांगणार नाही. जेवण चांगलं झालं. घास कापायची वेळ आली तेव्हा सुरी माझ्या हातात होती. पोरगा बारीक झालाय हे मला हाताला लागत होतं, दिसत नसलं तरी. म्हणून मी त्याच्या ताटात चांगला मोठा तुकडा घातला. त्यानं तो सगळा खाल्ला. लोक टाळ्या वाजवत होते. मी त्याच्या पाठीवर थाप मारली.

पाचच्या सुमाराला तो खुर्च्या पिकअपमध्ये चढवत होता आणि खाली बसला. ओठ सुजले, तोंडातून शब्द फुटेना. माणसं घरी गेली होती, मैदानापाशी फोन नाही. मी त्याला ओढून पिकअपमध्ये घातलं आणि गाडी चालवली. परवाना नाही आणि समोरचं धुकट दिसतं, पण रस्त्याची पांढरी रेघ दिसते. रेघेच्या आधारानं तीस मैल गेलो. देवाची दया, समोरून कुणी आलं नाही.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, यापूर्वी असं झालं होतं का? तो मान हलवून ‘हो’ म्हणाला. नंतर लिहून दिलं की मार्चमध्ये गाईंच्या गोठ्यात दोनदा शुद्ध हरपली होती. तुला त्यानं खाज लिहिली होती ना? मला त्यानं ऊन सांगितलं होतं.

तुझं पत्र शुक्रवारीच आलं होतं. मी ते न उघडता कोटाच्या खिशात ठेवलं. खणात ठेवायला निघालो होतो, कुणीतरी हाक मारली आणि राहून गेलं. जेवणात माझ्या अंगावर तोच कोट होता. गाडी चालवताना तोच होता. रविवारी दवाखान्याच्या बाकावर बसून मी भिंग लावून ते वाचलं. पेन पुढच्या खणात आहे, असं त्यात लिहिलं होतं. ते तीस मैल माझ्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर होतं, पोरी.

तुझा फोनही मीच ठेवला. दोन्ही वेळा.

मी नव्वद वर्षांचा आहे, आणि माझा मुलगा माझ्यासमोर ‘नको’ म्हणण्यापेक्षा मरायला तयार झाला. मी त्याला कधी मारलं नाही. कधी तसं बोललो असेन असंही आठवत नाही. पण कुठल्यातरी दिवशी मी असा बाप झालो आणि मला ते कळलं नाही. तुझ्या बाबतीतही तेच झालं असणार. मला राग बीफचा नव्हता. लोक बीफ सोडतात, धरतात, गुरांचा भाव चढतो, उतरतो, मी ते फार पाहिलंय. माझ्या हातचं खाऊन वाढलेली पोर जगाला सांगते की ते खाणं चूक होतं, याचं मला वाईट वाटलं. ते मी तेव्हाच फोन करून तुला सांगायला हवं होतं. त्याऐवजी खणात पत्रं साठवली.

ती सगळी आता वाचली. अकरा आहेत. आठवडा लागला. तुझं अर्धं म्हणणं मला अजून पटत नाही. थंडीबद्दलचं पटतं, कारण माझ्या लहानपणी तळं डिसेंबरात गोठायचं आणि आता फेब्रुवारीतही त्यावर उभं राहायची छाती होत नाही. तुझा तो तक्ता डॉयलनं मला वाचून दाखवला. तू स्वतःची ओळ लपवली नाहीस, हे मला आवडलं.

इथे आता कोंबडी शिजते. डॉयललाही चालते. तू नुसती बसलीस तरी कुणी काही म्हणणार नाही.

बसनं येऊ का, असं तू त्याला विचारलंयस. नको. बसला दीड दिवस लागतो, आणि मी नव्वदीचा आहे. दिलेला शब्द तुला मोडायला लावतोय, ते मला कळतं. तर असं कर. मी जन्मात विमानात बसलो नाही आणि आता बसणारही नाही. माझ्या वाट्याचा जो काही विमानप्रवास उरला असेल तो तुझ्या तक्त्यात माझ्या नावावर लिही, आणि विमानात बसून ये.

तुझा बाप,
एल्डन हेन्सली